राणीला कव्हर का लागतं

इंदुरात आमच्या गल्लीतले वसंतकाका जगदाळे कॅरममधल्या राणीला राणी म्हणत नसत; विधवा म्हणत. "राजा लढाईत भोकात गेला, भिया. ही पांढरं नेसायला तयार नाही, म्हणून लाल. आणि जवान बाई एकटी कशी जाईल? कव्हर म्हणजे तिचा धाकटा दीर."

हे कुणी सांगितलं, असं विचारलं की काका दुखावत. "सब जानते हैं. तुम्ही इंदूरचेच ना?"

प्रत्येक गाण्यामागे, खेळामागे त्यांच्याकडे एक किस्सा होता. वरातीत बँडवाले नागाची धून का वाजवतात? तर देपालपुरात एका वरातीत खराच नाग निघाला. क्लॅरिनेटवाल्याने त्याला पहाटेपर्यंत गुंतवून ठेवलं, तोवर नवरी दुसऱ्याच्या गळ्यात माळ घालून मोकळी झाली. सापशिडीत शेवटच्या घराजवळच लांबलचक साप का? तर तो खेळ काढणारा माणूस कापड मिलमध्ये होता, आणि बढती हातात पडायच्या आधीच मिलला टाळं लागलं. हा किस्सा सांगताना ते हसत नसत.

त्यांच्या मिललाही टाळंच लागलं होतं. कुणी सांवेरला सोयाबीन कापायला गेला, कुणी दारूच्या नादी लागला. काका मात्र खाकी कपडे चढवून, डबा घेऊन ठरल्या वेळी निघत आणि सियागंजात, मी मुनीम होतो त्या मिरचीच्या दुकानात येऊन पोत्यावर बसत. कारण काकू अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या, आणि मिल बंद झाल्याचं काकांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. "तिला धक्का सोसायचा नाही. तुम्ही पण बोलू नका." सगळी गल्ली गप्प राहिली. संध्याकाळी काका काकूंना एक किस्सा ऐकवत, 'आज खात्यात तात्या सांगत होता' म्हणून. खात्यातला त्यांचा हा जोडीदार तर मिल बंद झाल्यावर वर्षभरातच वारला होता. मला या नाटकाचा राग यायचा, आणि कीवही.

एकदा काका दवा आणायला गेले होते आणि मी काकूंपाशी बसलो होतो.

"मिलचा भोंगा वाजत नाही, ते कळतं बरं का मला," काकू हळूच म्हणाल्या. "तात्या गेले तेही ठाऊक आहे."

मी दाराकडे पाहिलं; काका अजून आले नव्हते.

"त्यांना नका सांगू. किस्सा शोधायचा म्हणून तरी सकाळी उठून दाढी करतात. मिल सुटल्यावर तात्या भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच." मग म्हणाल्या, "पण हल्ली किस्से संपलेत त्यांचे. जुनेच सांगतात, मी हं हं करते. तुमच्याकडे असला तर द्या की एखादा."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी घसा खाकरला. "काका, तबल्यावर काळी शाई का असते, माहीत आहे?" मला स्वतःलाच माहीत नव्हतं. सुचेल ते रेटून सांगितलं.

काका डोळे मिटून ऐकत राहिले. "चांगला आहे," शेवटी म्हणाले. "तात्याच्या तोंडी शोभेल."

मग तोंड फिरवून, मिरची फार तिखट आलीय यंदा, असं म्हणत ते बराच वेळ डोळे पुसत बसले.