त्या कादंबरीत मी कुठे आहे?

नावाजलेल्या लेखकांची पुस्तकं कुणीही विकत घेतं. त्याला अक्कल लागत नाही, फक्त दुकानाचा पत्ता लागतो! अक्कल लागते ती कुणी नावही न ऐकलेला, पदरचे पैसे घालून पुस्तक छापणारा आणि तरीही पोट धरून हसायला लावणारा लेखक हुडकायला. या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कुणी नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. आता कुणी कादंबरी म्हटलं तरी डोकं सणकतं!

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. मी तक्रारींच्या टेबलावर असतो, म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांच्या शिव्या खातो. बायको विचारते, "तुम्ही कधी हसत का नाही हो?" म्हणून मी विनोदी कादंबऱ्या शोधतो. पुस्तकांच्या दुकानात गुडघे टेकून सगळ्यात खालच्या कप्प्यात हात घालतो. तिथेच मला ती सापडली. नाव 'काटा हलतोय!' आणि लेखकाच्या जागी नुसतं 'एक वजनदार माणूस'. वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसांची गोष्ट. काय एकेक पात्र! त्यातला मालक स्वतः कधी काट्यावर चढत नाही, 'तत्त्व म्हणून'! मी हसून हसून खुर्चीतून घसरलो. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या प्रती उचलल्या आणि ऑफिसात प्रत्येक टेबलावर एकेक ठेवली.

"वाचा!" मी गरजलो. "मी हसून खुर्चीतून पडलो! माणसं कशी ओळखावीत ते शिका जरा!"

आठवडाभरानं पहिले आले ते अण्णा. अण्णा म्हणजे आमचे गोदामवाले. पुस्तक माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "हे काय आहे?"

"विनोद आहे, अण्णा!"

"हा मी आहे!"

मी बघितलं. जुना स्क्रू जमा केल्याशिवाय नवा न देणारा गोदामवाला. जुना हरवला तर 'आधी शोधून आणा' म्हणणारा. आता आमच्याकडेही जुना स्क्रू लिफ्टच्या खड्ड्यात पडला तर अण्णा शांतपणे सांगतात, "मग खड्ड्यात उतरा." मी त्यांच्याशी रोज भांडतो, आणि पुस्तकात मला ते ओळखू आले नाहीत!

मग आला डॉक्टर. हा आमचा मेकॅनिक, पण दिसेल त्याला औषधं सुचवतो आणि तेवढ्यात त्याच्या डब्यात चमचा घालतो. तोही पुस्तकात होता, चमच्यासकट! फोनवरच्या ताई होत्या, लोकांना ताटकळत ठेवून गाणं गुणगुणणाऱ्या. आणि साहेब! लिफ्टच्या कंपनीचे साहेब, पण रोज जिने चढून धापा टाकत येतात, 'व्यायाम म्हणून'. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पुस्तक कुणी वाटलं?"

"मी."

"खुर्चीतून पडेपर्यंत कोण हसलं?"

"मीच, साहेब. पण..."

"अख्खं ऑफिस यात आहे. एकच माणूस नाही. कोण?"

मी मनातल्या मनात एकेक टेबल आठवू लागलो. उरलं ते माझंच!

"मी नाही लिहिलं हो, साहेब!"

"मग यात तुम्ही कुठे आहात ते दाखवा! संध्याकाळपर्यंत सापडला नाहीत, तर उद्यापासून गोदामात!"

गोदामात! म्हणजे अण्णांच्या हाताखाली! पेन्सिल मागितली तरी आधी जुनी जमा करायची!

असा संताप झाला म्हणून सांगू! ज्या लेखकाला मी डोक्यावर घेऊन नाचलो, त्यानंच माझ्या पोटावर पाय द्यावा? दुपारभर मी ते पुस्तक पुन्हा वाचलं. एका ओळीला हसू आलं नाही. शेवटी अब्रू गुंडाळून ठेवली आणि सगळ्यांसमोर उभा राहिलो.

"हा दुसऱ्याच्या डब्यात चमचा घालणारा आहे ना, तो मी!"

"काहीतरीच काय!" डॉक्टर उसळला. "तो मी आहे! माझ्या बायकोनं पहिल्याच पानावर ओळखलं मला!"

"बरं, मग हा स्क्रूवाला..."

"खबरदार!" अण्णा कडाडले. "आयुष्य घातलंय मी त्या स्क्रूंमध्ये!"

माझा तोल सुटला. "मग तो घाबरट मालक मी! काट्याला घाबरणारा! बस?"

केबिनचा दरवाजा धाडकन उघडला. "तो मी आहे!" साहेब ओरडले. "लिफ्टला मी घाबरतो! तुम्ही मध्येच कोण?"

साहेबांना आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि त्यांचे कान लाल झाले. मग ते स्वतःच फिसकन हसले, आणि त्यांच्या मागून सगळे. मीही हसायला तोंड उघडलं.

"तुम्ही हसू नका," साहेब म्हणाले. "तुम्ही गोदामातच!"

तेवढ्यात माझ्या शेजारच्या टेबलावरून ताई उठल्या. "साहेब, त्यांना नका पाठवू. ते पुस्तक माझं आहे."

"पण ताई, त्यात तर तुम्हीही आहात!"

"म्हणून तर कुणाला संशय आला नाही."

झालं! डॉक्टर सही मागायला धावला. अण्णांनी पेन पुढे केलं, जुनं न मागता! साहेब विचारत होते, "यात मी जरा उंच वाटतो, नाही?" माझं गोदाम टळलं होतं, म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. पण मी पेटलो होतो!

"ताई, आपली टेबलं चिकटून आहेत! तुम्हाला सगळं जग दिसलं आणि मी दिसलो नाही?"

"अहो भाऊ, होतात की तुम्ही! अख्खं प्रकरण होतं तुमच्यावर. पण छापखानेवाला म्हणाला, पानं फार झालीत, काहीतरी काढा."

"आणि तुम्ही मलाच काढलंत?"

"आधी काढून बघितलं," ताई अगदी मायेनं म्हणाल्या. "गोष्टीला काही फरकच पडला नाही हो!"

दुसरी आवृत्ती निघतेय म्हणे. हल्ली मी ताईंसमोर जरा विचित्र वागून बघतो. परवा तर टेबलावर उभा राहून तक्रारी घेतल्या. त्यांनी मान वर केली, म्हणाल्या, "भाऊ, जरा बाजूला व्हा, मला डॉक्टर दिसत नाहीये!"