कदम मिस्त्री आणि तीन तडे

कुठलाही मेकॅनिक बॉनेट उघडताना म्हणतो, "टेन्शन घेऊ नका साहेब." वागळे इस्टेटमधल्या कदम मिस्त्रींनी माझ्या हातातला पार्ट घेतला, दाराच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "टेन्शन घ्या. थोडं तरी घ्यायलाच लागेल."

मी ते कोलशेतहून निघतानाच घेतलेलं होतं. पार्ट दादाच्या गाडीचा होता. माझ्या थोरल्या भावाने तरुणपणी एकच चैन केली, ती म्हणजे ही दोन दारांची, टर्बोवाली जुनी जपानी स्पोर्ट्स कार. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून दर रविवारी मी त्याला शेजारी बसवून खाडीच्या रस्त्याने एक फेरी मारायचो. टर्बो लागला की पाठ सीटला चिकटते. त्या क्षणी दादा हसायचा. आठवड्यातलं तेवढंच हसू.

मग गाडी सकाळी थंड असताना टिकटिक करायला लागली आणि आत धुराचा वास यायला लागला. इंजिनातला जळका धूर ज्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नळ्यांमधून टर्बोकडे जातो, त्या मॅनिफोल्डला तडा गेला होता. धूर आत येतोय म्हटल्यावर दादाला बसवायचा प्रश्नच नव्हता. फेऱ्या बंद. नवीन पार्ट आता बनत नाही. एका गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात वेल्डिंग मारून दिलं, ते चौथ्या दिवशी शेजारून फुटलं. दुसरा म्हणाला, भंगारात द्या. तिसऱ्याने कदम मिस्त्रींचा पत्ता दिला आणि वर सांगितलं, "काम देवासारखं आहे, पण तिकडे बीपीची गोळी घेऊन जा."

मिस्त्रींनी मॅनिफोल्डला रॉकेल लावलं, पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटली. मग दुसरी. मग तिसरी.

"तुम्ही एक तडा म्हणालात."

"मला एकच दिसला होता."

"तीन आहेत. चौथा असेल, तो लपलाय." ते स्टुलावर बसले. "हे माझ्या हातून नाही झालं तर?"

हा प्रश्न मी विचारायचा होता. मी पाणी आणून दिलं.

काम सुरू झालं तसं त्यांचं दडपण वाढत गेलं. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. मग पार्ट भट्टीत तापवला. बिडाला वारा लागलेला चालत नाही म्हणून पंखा बंद, शटर अर्धं खाली. मे महिना होता. मिस्त्री एक इंच वेल्डिंग करायचे, छोट्या हातोडीने त्यावर हलकं टकटक करायचे आणि थांबायचे. मी एकदा विचारलं, "झालं का?"

"झालं म्हणू नका. बिडाला ऐकू येतं."

संध्याकाळी पार्ट गरम राखेच्या पेटीत पुरला. थंड होताना जोड ओढला जातो आणि तेव्हाच 'टक' करून फुटतो, असं मिस्त्री हळू आवाजात सांगत होते, आणि नेमकं त्याच वेळी टक झालं. आम्ही दोघंही गोठलो. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. मग कळलं, माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय तडकला होता. त्यांनी मला उभं राहायला सांगितलं आणि खुर्ची बाहेर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडायची वेळ आली तर ते स्टुलावरून उठेनात. चाळीस वर्षं बीड सांधणारा माणूस मला म्हणाला, "तुम्ही काढा. मला बघवत नाही." ते शटरकडे तोंड करून उभे राहिले. मी पार्ट काढला, राख झटकली, त्यांनी सांगितलं तसं रॉकेल आणि खडू लावला. पूड कोरडी राहिली.

"कोरडी आहे," मी म्हणालो.

"नीट बघा."

"नीट बघितली."

"मग फिटिंग करताना तुटेल," ते म्हणाले, पण वळले तेव्हा चेहरा जरा मोकळा होता.

नाही तुटला. गाडी चालू झाली, टिकटिक नाही, वास नाही. मिस्त्री म्हणाले, "आत्ताचं काही खरं नाही. इंजिन गार असताना कळतं. मी उद्या सकाळी फोन करतो."

सकाळी आठला फोन आला. "चालू करा आणि फोन बॉनेटपाशी धरा." धरला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. रविवारच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, दादा पुन्हा हसला, तरी फोन चालूच. महिन्याभराने मी एकदा त्यांच्या शॉपवर गेलो तेव्हा भिंतीवर खडूने लिहिलेले नंबर पाहिले. कळव्याची पिठाची गिरणी, डोंबिवलीचं शिवणयंत्र, कुणाचा पाण्याचा पंप. सगळ्यांना ते फोन करायचे.

"लोक वैतागत नाहीत?"

"बरेच जण उचलतच नाहीत," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे बरं चाललं असणार." बायको गेल्यापासून ते शॉपच्या वरच्याच खोलीत राहतात, हे मला शेजारच्या लेथ मशीनवाल्याकडून कळलं.

त्यानंतर आठचा फोन दादाने घ्यावा असं ठरलं. झटक्यापासून त्याला शब्द सापडायला फार वेळ लागतो. घरात आम्ही त्याचं वाक्य अर्ध्यातच पूर्ण करून टाकतो, प्रेमानेच. पण मी गाडी चालू केली की डाव्या हाताने फोन बॉनेटपाशी धरायला बोलावं लागत नाही.

एकदा गाडीची बॅटरी चार्जिंगला दिली होती आणि फोन आला. दादाने स्पीकर लावला. "आज..." तो म्हणाला आणि अडकला. मी फोन घ्यायला हात पुढे केला. दादाने नको म्हणून मान हलवली. पलीकडून काहीच आवाज नाही. 'हॅलो' नाही, 'ऐकू येतंय का?' नाही. फक्त कुठेतरी लेथ फिरत असल्याची घरघर. चहा निवेल इतका वेळ गेला.

"आज... गाडी... बंद आहे," दादा म्हणाला.

"बरं," मिस्त्री म्हणाले. "राहू दे गाडी. तुम्ही रात्री नीट झोपलात का?"

दादाने पुन्हा शब्द शोधायला सुरुवात केली. मी उठून स्वयंपाकघरात गेलो.