अमावास्येचे चिटणीस

आमच्या विजयध्वज फुटबॉल मंडळाचे चिटणीस बापूराव यांनी जन्मात कधी चेंडूला लाथ मारली नाही. चुकून पाय लागलाच, तर ते खाली वाकून चेंडूला नमस्कार करत. पुस्तकाला पाय लागला की आपण करतो तसा. हात आधी चेंडूला, मग कपाळाला. अशा माणसाला फुटबॉलच्या मंडळाचं चिटणीस करणारे आम्ही किती शहाणे असू, ते वाचकांनीच ओळखावं.

बापूराव सोलापूरच्या कोर्टात नक्कल-कारकून होते. दिवसभर लोकांची भांडणं सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि घरी येऊन मंडळाचा इतिहास लिहायचा, हाच त्यांचा संसार. बायको मानमोडीच्या साथीत गेलेली, मूलबाळ नाही. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि काखेत पंचांग. फुटबॉलशी पंचांगाचा काय संबंध, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "आधी मुळाकडे चला." पंपाची नळी फुटली, गोलाचा खांब पडला, कोणाचा गुडघा सुजला, तरी हा माणूस आम्हाला मुळाकडेच नेत असे. तिथून परत यायला मात्र संध्याकाळ होई.

पंचांगाचा संबंध खरा होता, हे कबूल करतो. आमच्या अकरा गड्यांपैकी आठ जण हातमागावर बसणारे तेलुगू विणकर. अमावास्येला मागाला हात लावायचा नाही अशी त्यांची रीत, आणि तेवढीच त्यांना सुट्टी. बाकीची मंडळं मास्तरांची आणि कारकुनांची. ती रविवारी मोकळी. म्हणजे आमचा सामना व्हायचा तर रविवारी अमावास्या पडली पाहिजे. असा योग वर्षातून एकदा, फार तर दोनदा. इतर मंडळं खेळून तरबेज होत होती आणि आम्ही चंद्राची वाट पाहत बसलो होतो.

मी गिरणीच्या कचेरीत कामाला होतो आणि मंडळात उजव्या बगलेला धावत होतो. या मंडळात खेळ समजणारा मी एकटाच, असं माझं मत होतं. ते मत माझ्याखेरीज कोणाचंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दर अमावास्येला, सामना असो वा नसो, आम्ही सगळे बापूरावांच्या ओसरीवर जमायचो. प्रत्येकाला एकेका द्रोणात चुरमुरे आणि शेंगाचटणी मिळे, आणि त्याची किंमत म्हणून इतिहास ऐकावा लागे. तोही पहिल्या पानापासून. सात वर्षांत आम्ही एकही सामना जिंकला नव्हता, पण इतिहास ऐकून ते कोणाला कळलं नसतं. "शत्रूने दुसरा गोल केला. आमच्या वीरांनी तो पाहिला, परंतु थोर मनाने त्याकडे दुर्लक्ष केले." किंवा, "तिसरा झाला तो गोल नसून वारा होय." आमचा मधला गडी नरसय्या हे ऐकून डुलायचा. एकदा मी त्याला म्हणालो, "अरे, आपण सपाटून मार खाल्लाय."

"खाल्लाय की," नरसय्या म्हणाला. "पण बापूंनी लई ग्वाड लिवलंय."

असल्या मंडळाला कोण तारणार?

एका साली बापूरावांनी बार्शीच्या मंडळाला बोलावलं. रविवार, अमावास्या. बार्शीकर मास्तर लोक बूट चकाकवून आले. आमच्या बाजूने मैदानावर मी आणि दोघे उभे. विणकरांपैकी एकाचा पत्ता नाही. मी धावत नरसय्याच्या मागावर गेलो. तो धोटा फेकत बसला होता.

"अरे, आज अमावास्या ना?"

"अमास उद्या हाय की. आज उठलो तर मालक हितंच गाडंल मला."

मुळाकडे गेल्यावर कळलं ते असं. अमावास्या लागली होती रविवारी सकाळी नऊनंतर. बापूरावांनी धरली ती वाडवडिलांना पाणी सोडायची दर्श अमावास्या; ती रविवारीच होती. विणकर मात्र सूर्योदयाला तिथी असेल तोच दिवस पाळत, म्हणजे सोमवार. पितरांची अमावास्या आणि मागाची अमावास्या यांत एका दिवसाचं अंतर पडलं, आणि त्या अंतरात आमचं मंडळ गडप झालं.

बार्शीकर परत जायला तयार नव्हते. शेवटी बापूराव स्वतः, कोट काढून, टोपी तशीच ठेवून, चौथे गडी म्हणून उतरले. पाचच मिनिटांत चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी आला आणि पायाला लागला. ते वाकले. हात चेंडूला लावला, कपाळाला लावला. तेवढ्यात बार्शीच्या एका मास्तरांनी त्यांच्या हाताखालून चेंडू काढून गोलात घातला. हे तीनदा झालं. पुढे गोल मोजायचं बार्शीकरांनीच कंटाळून सोडून दिलं.

गावभर हसं झालं. गिरणीत लोक मला पाहून वाकून नमस्कार करू लागले. माझं डोकं फिरलं. पुढच्या अमावास्येला त्यांच्याच ओसरीवर, त्यांचेच चुरमुरे तोंडात असताना, मी ठराव मांडला की बापूरावांना चिटणीसपदावरून काढावं आणि माझी नेमणूक व्हावी. शिवाय जमायचं ते इथून पुढे तालमीत, ओसरीवर नाही. आठही विणकर खाली मान घालून बसले. नाही कोणी म्हणालं नाही. बापूरावांनी दौत पुढे ओढली आणि स्वतःला काढल्याचा ठराव आपल्या वळणदार अक्षरात लिहून घेतला. "मंजूर," म्हणाले, आणि चेंडू माझ्या हाती दिला. मला वाटलं, सुटलो.

मी पंचांगाचं नावच काढलं नाही. तारीख विचारायची ती नरसय्याला, एवढाच माझा कारभार. पुन्हा योग आला तो आठ महिन्यांनी, पुन्हा बार्शीकरांशीच. त्या दुपारी तालमीत चेंडूची हवा गेली. वादी उसवून आतला फुगा काढायचा तर दाभण हवं, आणि दाभण राहिलं होतं बापूरावांकडे. मी चेंडू घेऊन तसाच गेलो.

ओसरीवर अकरा द्रोण मांडलेले होते. चुरमुरे, वर चटणी. बापूराव भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर इतिहास.

"कोणी यायचंय का?" मी विचारलं.

"नाही. दर अमावास्येला मांडतो आणि संध्याकाळी उचलतो." ते उठून दाभण शोधू लागले. "चूक माझीच होती, तुमचा ठराव योग्य होता. पण ही गेल्यापासून या घरात माणसांचा आवाज व्हायचा तो अमावास्येलाच. पद काढलंत ते ठीक. तुमचं येणंही का काढलंत?"

मला माझीच लाज वाटली. इतकी की दाभण न घेताच मी तालमीत परत आलो आणि सगळ्यांना सांगितलं, बापूरावांकडे चला.

"आमाला वाटलं, बापूंनाच आता आमी नको," नरसय्या म्हणाला. तोवर तो चालूही लागला होता.

दहाही जण ओसरीवर शिरले तेव्हा बापूरावांनी दाभण शोधायचं सोडलं. त्यांनी प्रत्येकाच्या हातात द्रोण दिला. नरसय्या मांडी घालून बसला आणि म्हणाला, "वाचा बापू. पयल्यापासनं."

ते वाचू लागले. पहिला पराभव झाला, दुसरा झाला. मैदान तिथून जवळच. चौथ्या पराभवाच्या सुमाराला पंचांची शिट्टी ऐकू आली, मग थांबून आणखी एकदा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बापूराव बोट पानावर ठेवून थांबले.

"आज सामना आहे ना? किती वाजता?"

"वेळ आहे अजून," मी म्हणालो. "वाचा तुम्ही."

बार्शीकर तासभर थांबले आणि न खेळताच जिंकून गेले. चिटणीस म्हणून माझ्या कारकिर्दीतला तो पहिला सामना.