म्हातारा शेवटी जातो

चित्रपट थोर आहे की नाही, हे मी वीस मिनिटांत सांगतो. तेवढ्यात पडद्यावर कुणी हसलं, तर तो थोर नाही. छापखान्यात मुद्रितं तपासून तपासून माझी नजर इतकी तयार झाली आहे की चुकलेली वेलांटी आणि हलका चित्रपट मला लांबूनच दिसतात.

हे मत मान्य असलेली माणसं जगात एकूण तीन. चष्मेवाले, भूगोलाचे मास्तर आणि मास्तरांची बहीण. आमचं चित्रपट मंडळ दर रविवारी दुपारी तीनला माझ्या घरी भरतं. पडदे ओढून घ्यायचे, भिंतीवर चित्रपट लावायचा आणि संपला की बराच वेळ एकमेकांकडे न बघता बसायचं.

मत मान्य नसलेला माणूस मात्र आमच्याच घरात राहायला आला होता. माझे सासरे, निवृत्त भूमापक. हृदयाची शस्त्रक्रिया झाली म्हणून बायकोने त्यांना महिनाभरासाठी आणलं होतं. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून बाबा ना मोकळे हसले होते, ना कुणासमोर रडले होते. बायकोला त्याचीच जास्त धास्ती. विनोदी चित्रपट त्यांना आवडायचे, पण तेही ते जमीन मोजल्यासारखे बघत. माझे चित्रपट त्यांना अजिबात चालत नसत. "जावईबापू, रडवायला कांदा पुरतो," असं म्हणून ते आतल्या खोलीत निघून जात. शेवटी त्यांनी जाहीर केलं की सोमवारी आपण आपल्या घरी परत जाणार, इथे फार उदास वाटतं. तिकडे ते एकटेच राहणार होते. बायको तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलत होती.

आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला गेली. जाताना बजावून गेली की बाबांना तुझ्या त्या चित्रपटाला बसवायचं नाही. मी बसवलं नाही. बाबा कानात कापूस घालून आत झोपले.

चित्रपट अप्रतिम होता. एका म्हाताऱ्या चांभाराची बायको जाते, मग गाढव जातं, मग ऐकू येणं जातं, आणि शेवटी तो स्वतः जातो. दोन तास सतरा मिनिटं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून ठेवला. मास्तरांची बहीण उशीत तोंड खुपसून हुंदके देत होती. मास्तरांना तर खोलीत बसवेना, ते बाहेर जिन्यात जाऊन रडले.

जिन्यात त्यांना खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका भेटले. काय झालं, असं काकांनी विचारलं. मास्तर म्हणाले, म्हातारा गेला हो. आणि पुन्हा रडायला लागले.

पाच मिनिटांनी शिंपीकाका दारात उभे. गळ्यात टेप तसाच, मागे काकू आणि तीन मजल्यांवरची आठ-दहा माणसं. आमच्या मंडळाची कीर्ती पसरली, असा माझा समज झाला. मी सगळ्यांना आत घेतलं. सतरंजी कमी पडली. काका माझ्याजवळ टेकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कधी?"

"अगदी शेवटच्या दहा मिनिटांत," मी डोळे पुसत म्हणालो. "पण पहिल्यापासून कळत होतं."

"फार त्रास झाला?"

"दोन तास. पण काय सांगू, इतकं सुंदर मरण मी पाहिलं नव्हतं."

काकांनी माझा हात घट्ट धरला. "बायकोला कळवलंत?"

"तिला कशाला? तिला असलं आवडत नाही."

काकांनी हात सोडला. मग ते बाहेर गेले आणि त्यांनीच तिला फोन केला. त्यांना वाटलं, मला धक्का बसलाय.

ते परत आले आणि उभे राहून बोलू लागले. देवमाणूस होता, म्हणाले. कधी कुणाला उलटून बोलला नाही. मला त्यांची समीक्षा जरा बाळबोध वाटली, पण नवीन सभासद म्हणून मी मान डोलावली. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि बनियनमधले बाबा बाहेर आले. कानातला कापूस काढत त्यांनी चहाची चौकशी केली.

काकू किंचाळल्या. काका सतरंजीवर बसलेल्या चष्मेवाल्यांच्या मांडीवर पडले.

काय घडलं, हे मला कळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बाबांना लगेच कळलं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि शांतपणे म्हणाले, "देवमाणूस होता, इथवर ऐकलं. पुढे बोला."

काका मांडीवरून उठून गळ्यातला टेप सारखा करू लागले. मग बाबा हसायला लागले. छातीवरची टाक्यांची जागा दोन्ही हातांनी दाबून धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. टॅक्सीतून धावत आलेली बायको दारात पोचली, तेव्हा ते हसतच होते. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. बाबा उठून तिच्याशेजारी बसले. अगं, मी आहे, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. त्याविषयी मी काही लिहिणार नाही.

चहा झाल्यावर कोण एवढा सुंदर मेला, ते बघायचंच असा बाबांनी हट्ट धरला. शेजारीही थांबले. मी चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला. चांभाराची बायको गेली, तेव्हा बाबांनी अंधारात लेकीचा हात धरला. मग ते रडले. सासूबाईंचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखे रडले. बायकोने त्यांना रडू दिलं.

दिवे लागल्यावर त्यांनी नाक शिंकरलं आणि उद्याचं जाणं रद्द केल्याचं सांगितलं. बायको माझ्याकडे बघून चक्क हसली. आयुष्यात कुणी माझं मत इतकं सप्रमाण सिद्ध केलं नव्हतं. मी छाती पुढे काढून विचारलं, "मग बाबा, कसा वाटला?"

बाबांनी रुमालाची घडी घातली.

"बरा आहे," ते म्हणाले. "पण दुपारी मी मेलो, तो जास्त चांगला होता."