अमरचा चौविहार

सूरजबाईंच्या घरात सूर्य मावळला की चूल, फ्रिज आणि माणसांची तोंडं एकदमच बंद होत. जैनाचं घर, चौविहाराचा नेम. त्यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच की यंदा महावीर जयंतीपासून हा नेम एका करडालाही लागला.

करडू त्याच गावच्या, केनवडच्या रामरावांचं. त्यांच्या शेळीला जुळं झालं. पाठ, म्हणजे मादी, त्यांनी ठेवली, नर बाजाराला निघाला होता. तो सूरजबाईंनी जीवदया म्हणून सोडवून आणला आणि त्याचं नाव अमर ठेवलं. घरच्या किराणा दुकानामागच्या पत्र्याच्या गोदामात, गुळाच्या भेल्यांशेजारी त्याची सोय झाली. त्यांचे यजमान कस्तुरचंद यांना हे मुळीच पसंत नव्हतं. मृग लागेपर्यंत हे बहिणीएवढं झालं नाही तर सरळ पांजरपोळात पाठवीन, असं त्यांनी गल्ल्यावरूनच जाहीर केलं. सूरजबाईंनी करडाला जवळ ओढलं. मुलं, सुना, नातवंडं सगळी पुण्याला. हाक मारल्यावर धावत येणारं घरात आता हे एकच होतं.

अमर मात्र वाढायचं नाव घेईना. सकाळी सूर्य चांगला वर आल्याशिवाय त्याच्यापुढे पाला पडत नसे, आणि तोवर पत्रा तापायला लागलेला असे. मग तो दिवसभर नुसता धापा टाकत पडे. सूरजबाईंनी घरातला कूलर गोदामात नेला. कूलरने जमीन ओली झाली आणि अमर शिंकू लागला. शिंका थांबाव्यात म्हणून त्यांनी त्याला शाल पांघरली. ती कस्तुरचंदांना सत्कारात मिळालेली होती. तोवर अमरने आवडीने खाल्लं ते एवढंच.

शेवटी सूरजबाईंनी रामरावांना बोलावलं. त्यांनी करडाच्या पाठीवरून हात फिरवला, वर पत्र्याकडे पाहिलं.

"बाई, पिल्लात खोट नाही. जागा मानवून नाही राह्यली त्याले. इतकं उकडल्यावर भूक कायची लागते? कूलर काढा, खिडकी उघडी ठेवा, अन् दिवस बुडाल्यावर पाला टाका. ठंड्या वक्ती खाते बकरी."

"दिवस बुडाल्यावर? आमच्या घरात?"

"आवो, त्याले कोनं नेम देला?"

"मीच देला. जीव वाचवला त्याचा, आता पाप कायले करू देऊ?"

कूलर गेला, खिडकी उघडली. पण मावळतीला पाला उचलणं काही सुटलं नाही. सूरजबाई रोज जड हाताने पाला उचलत आणि रोज मृग जवळ येई.

आणि काय आश्चर्य, अमर भरू लागला. बरगड्या झाकल्या, अंगावर तकाकी आली. हा नेमाचाच प्रताप, असं सूरजबाईंनी मंदिरात सगळ्यांना सांगितलं, आणि ते ऐकून दोघीतिघींनी तोच नेम धरला. इकडे कस्तुरचंदांच्या सदऱ्याच्या गुंड्याही पोटावर ताणल्या जाऊ लागल्या होत्या, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मृगाच्या दिवशी रामराव पाठ घेऊन आले. दोघं शेजारी उभी केली तर अमर दोन बोटं उंच भरला. सूरजबाईंचे डोळे भरून आले. कस्तुरचंद रस्त्याकडे पाहत म्हणाले, राहू दे मग, शब्द म्हणजे शब्द.

त्या संध्याकाळी, दिवस मावळल्यावर, आनंदाच्या भरात सूरजबाई अमरला कुरवाळायला गोदामात गेल्या. आत पोत्यावर कस्तुरचंद बसले होते. त्यांच्या एका हातात शेवरीची डहाळी होती, ती अमर मन लावून खात होता. दुसऱ्या हातात शेवेचा पुडा होता.

"अहो, हे काय?"

कस्तुरचंदांनी घास गिळला. "पांजरपोळात धाडनं जिवावर आलं माह्या. मंग टाकत गेलो थोडा पाला."

"अन् शेव?"

"ते एकटं खात नव्हतं."

मुक्या जिवाला नेम नसतो, असा निर्णय सूरजबाईंनी तिथेच दिला. दुसऱ्या दिवसापासून मावळतीनंतरचा पाला त्या स्वतः घालू लागल्या आणि गोदामाची किल्ली त्यांच्या कमरेला गेली.

आषाढात रामराव मीठ घ्यायला दुकानात आले. आधी मागे जाऊन अमरला पाहून आले आणि समाधानाने मान हलवली. मग त्यांची नजर गल्ल्यावर गेली. तिथे कस्तुरचंदांचा सदरा अंगावर नुसता लोंबत होता. रामराव काळजीने सूरजबाईंजवळ सरकले.

"बाई, पिल्लू तं भरलं," ते हळूच म्हणाले, "पन शेटजीले कोन्त्या पत्र्याखाली ठेवलं?"