नाटकाची फाईल

बालाघाटात गणपतीत मराठी नाटक व्हायचं, त्या काळची ही गोष्ट. राज्यांची नवी आखणी होऊन नागपूर सरहद्दीपलीकडे गेलं, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं, त्याला चार-पाच वर्षं होऊन गेली होती. कचेरीतल्या फायली हिंदीत आल्या, पोरं अंगणात हिंदीत भांडू लागली. मराठीचं म्हणून गणपती मंडळाचं वर्षाचं एक नाटक तेवढं उरलं होतं. त्या वर्षी सामानाची पेटी उघडली, तर नाटकाची एकुलती एक वही वाळवीनं फस्त केलेली. (निदान वाळवीला तरी मराठीची गोडी होती!)

"इस साल हिंदी ही कर लेंगे," तरुणांचा पुढारी भैयालाल म्हणाला.

"एकदा हिंदी बसलं का मराठी पुन्हा उभं राहत नाही, बाबू," नीळकंठ मास्तर म्हणाले. नाटकात बापाचं काम दरसाल त्यांचं.

मग गुणाकर उठला. गुणाकर कचेरीत रेकॉर्ड कारकून. एकाच प्रकरणाच्या पाच ठिकाणी पडलेल्या फायली जोडून एक करायच्या, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. (असं तोच सांगायचा.)

"नटाईपाशी आपापल्या नकला हायेत ना? त्या मले द्या. पाचाची एक फाईल करून देतो."

नक्कल म्हणजे ज्याची त्याची वाक्यं, आणि आधीच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द. ते दुवे जुळवत गुणाकर आठवडाभर ओसरीवर बसला. त्याची बायको अनुसया वाचून दाखवायची आणि तो फुलस्केपवर उतरवायचा. यंदा आईचं काम अनुसयाच करणार होती. तोवर हे काम मिशा काढून हिरालाल करायचा, म्हणून साऱ्या गावाचं लक्ष तिच्याकडे होतं. ती बापासारखी खाकरायची, नवरदेवासारखी लाजायची, आणि मधूनच उठून भाजी हलवून यायची. ते दिवस फार गोड गेले. शेवटी गुणाकरनं गठ्ठ्याला भोक पाडलं, टॅग ओवला, गाठ मारली आणि लाल शाईनं वरून खाली आकडे घातले.

"हे पाय," तो म्हणाला, "स्टेजवर डोकं चालवू नको. मी विंगेतून जे बोलीन, तेच बोलजो."

"हौ जी," अनुसया म्हणाली. (हे दोन शब्द त्यानं घरात इतके क्वचित ऐकले होते, की त्या आनंदात त्यानं आणखी एक चहा मागितला. तो मात्र मिळाला नाही.)

नाटकाचा दिवस उजाडला. संध्याकाळी मांडव गच्च भरला. पडदा उघडला. प्रवेश पहिला: बाप डबा घेऊन हापिसात निघालाय, आणि आई त्याला पोरीच्या लग्नाची आठवण करून देते. गुणाकरनं फाईल उघडली, लाल शाईतला '१' पाहिला आणि विंगेतून ठणठणीत आवाजात वाक्य दिलं.

अनुसया क्षणभर थबकली. पण शब्द दिला होता. तिनं डोळ्याला पदर लावला आणि डबा हातात घेतलेल्या नीळकंठ मास्तरांना हुंदका देत म्हणाली, "जाय बाई, सुखानं नांद! सासू-सासऱ्याईची सेवा कर!"

मास्तरांनी चाळीस वर्षं वर्ग सांभाळले होते, पण असा प्रसंग आला नव्हता. ते चाचरत म्हणाले, "अवं, मी... मी त हापिसात जाऊन राह्यलो!"

मांडव कोसळायचाच बाकी राहिला.

झालं होतं ते असं. कचेरीची रीत म्हणजे जुना कागद खाली, नवा कागद वर. गुणाकरचा हात वीस वर्षं त्याच वळणाचा. लिहून झालं की प्रत्येक पान त्यानं गठ्ठ्याच्या वर ठेवलं, आणि पोरीची पाठवणी जाऊन बसली पान नंबर एकवर. आता तो घाईघाईनं टॅग सोडू लागला. पण गाठ गुणाकरची होती! नखं गेली, दात लावून पाहिले, गाठ काही हलेना. फाईल मागून पुढे वाचत जावी, हे त्या गडबडीत त्याला सुचलंच नाही. आपण मराठी नाटक बुडवलं, या विचारानं त्याला रडूच फुटलं.

इतक्यात अनुसयानं मास्तरांच्या हातातला डबा घेतला, तो ठेवायच्या निमित्तानं विंगेजवळ आली आणि पुटपुटली, "तुमी आता गप बसा जी."

आठवडाभर पाचही नकला तिनंच तर वाचल्या होत्या. तिनं पहिलं वाक्य घेतलं, मास्तरांना त्यांचं सुचवलं, आलेल्या प्रत्येकाच्या कानाशी त्याचं वाक्य पोचवलं. शेवटी पाठवणीचा प्रवेश खरोखरच आला आणि तिनं तेच शब्द पुन्हा म्हटले, तेव्हा हसून हसून दमलेला मांडव रडला. मास्तर तर खरेखुरे रडले.

पडदा पडल्यावर भैयालाल आत आला. "अगले साल भी मराठी ही होगा," त्यानं जाहीर केलं. मग गुणाकरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मगर फाइल आप ही बनाना!"

दोघं घरी निघाले. गाठ न सुटलेली ती फाईल गुणाकरच्या काखेत होती. वाटेत तो म्हणाला, "एक गोष्ट मानाच लागते. लगन झाल्यापासून आज पह्यल्यांदा तू माह्यं शब्दाले शब्द ऐकलं."

"हौ," अनुसया म्हणाली. "पाह्यलं ना मंग काय होते ते?"