मैद्यासारखी भुकटी

"वा! अगदी मैद्यासारखी!" रुचिका मॅडमनी भूपेंद्रनं दळलेली भुकटी चमच्यात घेऊन म्हटलं, आणि इकडे टिकारामच्या पोटात दुखायला लागलं.

बिरसीच्या रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत जुने प्रिंटर, टीव्ही, मोबाइल यायचे. त्यांचे तुकडे मशीनमध्ये दळायचे आणि भुकटीत शिसं किती, पारा किती ते मॅडमनी तपासायचं. दळायचं काम टिकाराम आठ वर्षांपासून करत होता. आठ वर्षांत त्याच्या भुकटीला कोणी रवासुद्धा म्हटलं नव्हतं. आणि हा केशोरीचा भूपेंद्र, येऊन सहा महिने नाही झाले, तर याचा थेट मैदा!

त्यात नवीन मशीन येणार होतं. ते शिकायला एकाला नागपूरला पाठवायचं, आणि परत आला की मशीन त्याच्याच ताब्यात. मॅडमनी पांढऱ्या प्रिंटरचं एकच कव्हर अर्धं अर्धं करून दोघांना दिलं. "ज्याची भुकटी सरस, तो नागपूरला."

टिकारामनं तर घरी बायकोला, सुमित्राबाईला, बॅग काढायलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "अन् भूपेंद्र गेला त?"

"कायले जाते तो? माह्यापुढं कालचा पोट्टा तो!" असं म्हणून टिकारामनं मेहुण्यालाही फोन लावून नागपूरला चाललो म्हणून सांगून टाकलं. झालं! आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनमध्ये टीव्हीतल्या शिसं लागलेल्या हिरव्या पाट्या दळल्या गेल्या. त्यानंतर टिकारामनं घाईघाईनं एक फुंकर मारली आणि आपलं अर्धं कव्हर दळलं. भुकटी निघाली जाडीभरडी, वर हिरवट. मग भूपेंद्र आला. त्यानं मशीनशी अर्धा तास काय खुडबूड केली कोण जाणे. आपली भुकटी मॅडमकडे पोचवून तो चहाला गेला.

त्याच्या टेबलावर बिनचिठ्ठीची एक बाटली राहिली होती. आत पांढरीशुभ्र भुकटी, बोटाला लागताच सरकणारी. 'असं! चांगला माल लपवून ठेवते काय हा!' टिकारामच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यानं आपली भुकटी कचऱ्यात ओतली, ती पांढरी भुकटी आपल्या बाटलीत भरली, आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि बाटली मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

दुपारी मॅडम कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. "एकाच कव्हरचे दोन तुकडे. भूपेंद्रच्या भुकटीत घातक रसायन सापडतं, टिकारामच्या भुकटीत काहीच नाही. असं कसं?" त्यांनी टिकारामची चिमूटभर भुकटी गरम तव्यावर टाकली.

खोलीभर वास पसरला. टिकाराम जन्माचा धानवाला, त्याचं नाक आपोआप फुललं. "मॅडम, कोनाचा भात करपून राहिला जी? अन् साधा नाही, वासाचा चिन्नोर हाय! पैजेवर सांगतो!"

"टिकाराम," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "प्रिंटरमध्ये चिन्नोर कुठून आला?"

भूपेंद्र बिचारा मदतीला धावला. "मॅडम, तांदळाची कनकी चारदा दळली का मशीन साफ होते, शेवटचं पीठ असं पांढरं निघते. आमच्या घरी मसाल्याचं मिक्सर असंच साफ करतेत. ते फेकाची बाटली काकाजीच्या हाती चुकून लागली असन."

मॅडमनी पुन्हा आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे सकाळी याच मशीनमध्ये शिशाच्या पाट्या दळल्या, आणि या पिठात शिसं शून्य! इतकी चोख सफाई मी आजवर पाहिली नाही. कोणी केली?"

आणि त्यांची नजर कौतुकानं भूपेंद्रकडे वळायला लागली. हे मात्र टिकारामला बघवेना. पोटातली कळ थेट तोंडावाटे बाहेर पडली.

"मी केली मॅडम! मीच!"

भूपेंद्रनं चमकून त्याच्याकडे पाहिलं आणि खिशातला सफाईचा ब्रश चाचपला.

"मग प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या. "प्रिंटरची भुकटी एकट्या भूपेंद्रचीच आली, ते जातील नागपूरला. आणि टिकाराम, असा हात दुसऱ्या कोणाचा नाही. यापुढे प्रत्येक नमुन्यानंतर मशीन तुम्हीच साफ करायचं, जुनं आणि नवं, दोन्ही."

बाहेर येताच भूपेंद्रनं ब्रश टिकारामच्या हातात दिला आणि वाकून त्याच्या पाया पडला. "लय उपकार झाले काकाजी! माही त कंबर गेली होती. चार महिन्यांपासून मॅडमच्या मागं लागून राहिलो होतो, का हे सफाई कोनाले तरी द्या म्हनून."